मृग लागायच्या आत बोटीचा सेल्फ बघून ठेवा

पुरात वापरायच्या बोटींच्या सेल्फसाठी, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरसाठी, मे संपायच्या आत एक अख्खा दिवस काढाच, कारण एकदा गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नाशिकला गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या (पूर किती चढला ते ज्यावरून बघतात त्या मूर्तीच्या) कमरेला पाणी लागलं की इंजिन उघडून बसायला कोणाला वेळ नसतो, तेव्हा चावी फिरवली की इंजिन लागलंच पाहिजे. आपल्याकडच्या बोटी उन्हाळाभर शेडमध्ये पडून असतात, गोड्या पाण्यामुळे समुद्रासारखा गंज चढत नाही हे खरं, पण पडून राहून बॅटरी उतरते, टर्मिनलवर हिरवं-पांढरं जमतं आणि उंदीर वायरी कुरतडतात.

सामान आधी गोळा करा, मल्टीमीटर, पाने, प्लग पाना, वायर ब्रश, पॉलिश पेपर, खायचा सोडा, व्हॅसलीन आणि इंजिनच्या पुस्तकात लिहिलंय त्याच अँपिअरचे दोन-तीन फ्यूज. इंजिन चालू होणार असेल तर खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडालेला हवा, कोरडं चालवलं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (आतला पंखा) जळतो.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावा, चार्जर काढल्यावर चार-पाच तास तशीच राहू द्या, मग मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ आलं तर ती साधारण अर्धीच भरलीये. पण एवढ्यावर खूश होऊ नका, मीटर बॅटरीला लावून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, तेव्हा आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी लोड घेत नाहीये, पुराच्या दिवसात तिच्यावर विसंबू नका. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये एक-दोन मिनिटं थांबा, नाहीतर मोटर तापून आतलं वाइंडिंग जातं.

आता जॉइंट, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ द्या म्हणेन. मागे आमचा सेल्फ फिरेना म्हणून एका मेकॅनिकने मोटरच बदलायला लावली, पैसे गेले, आणि नवी मोटरसुद्धा तशीच खट् करून गप्प, शेवटी निघालं काय तर इंजिन ब्लॉकवरचा अर्थिंगचा बोल्ट सैल आणि गंजलेला! त्यामुळे सेल्फ मारत असताना बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत मीटर लावा, मग मायनसपासून स्टार्टरच्या बॉडीपर्यंत, कुठेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वायरीत किंवा जॉइंटमध्ये करंट अडतोय. सोड्याच्या कोमट पाण्याने टर्मिनल धुवा, घासून चकचकीत करा, पान्याने कसा आणि मग वरून व्हॅसलीन. हाताने फिरवायचे पंखवाले नट असतील तर काढून टाका, बोटीच्या हादऱ्याने ते सैल होतातच.

चावी फिरवली आणि काहीच आवाज नाही? गिअर न्यूट्रलला आहे का बघा, गिअरमध्ये असताना सेल्फ लागूच नये अशी सोय असते, मग मेन स्विच, फ्यूज, आणि किल स्विचची (इंजिन झटकन बंद करायच्या स्विचची) क्लिप, कारण काही इंजिनांना क्लिप नसली तरी सेल्फ फिरतो, काहींना फिरतच नाही. कट-कट-कट असा आवाज आला तर बहुतेक बॅटरी डाऊन किंवा जॉइंट खराब. एकच खट् येतो आणि मोटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतंय, तरी हलत नाही, तर मग कार्बन ब्रश संपलेत किंवा इंजिन जाम आहे, प्लग काढून फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) हाताने फिरवून बघा, सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर तिथेच कळेल. नुसती मोटर घरघर फिरतेय आणि फ्लायव्हीलला लागत नाही, तर बेंडिक्सवर (मोटर फ्लायव्हीलला अडकवणाऱ्या दातेरी भागावर) धूळ बसलीये, साफ करून पातळ तेलाचे दोन थेंब, जाड ग्रीस अजिबात नको, त्यात कचरा चिकटतो. सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच) पान्याने शॉर्ट करून बघायची सवय काहींना असते, पेट्रोलच्या वाफेशेजारी ठिणगी उडते, कृपा करून करू नका.

सगळं ठीक असलं तरी इमर्जन्सीची दोरी बोटीतच ठेवा, आणि आत्ता एकदा कव्हर काढून, गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करून, दोरीची गाठ फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवून खरंच ओढून बघा, कोण ओढणार तेही आजच ठरवा. कव्हर काढलेलं फ्लायव्हील उघडं फिरतं, त्यामुळे जो ओढेल त्याच्या रेनकोटचे बंद आणि लाइफ जॅकेटचे पट्टे आधी आत खोचून घ्या.