डोंगरातील तळ्यात होडीतून ट्राउट पकडताना या चुका टाळा

डोंगरातील तळ्यावर सकाळपासून फ्लाय, म्हणजे कीटकासारखा दिसणारा नकली गळ, टाकूनही ट्राउट मासा लागत नाही, तेव्हा बहुतेक जण डबी उघडतात आणि दुसरी फ्लाय बांधतात. माझा अनुभव असा आहे की दोष फ्लायचा क्वचितच असतो. तो होडी सांभाळण्यात आणि खोलीच्या अंदाजात असतो. ओढ्यात ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि खाद्य त्याच्याकडे वाहत येते. तळ्यात असा प्रवाह नसल्यामुळे मासाच खाद्याच्या शोधात फिरतो, आणि तो ज्या थरात फिरत आहे त्याच थरातून, तो जे खात आहे त्याच्याच वेगाने आपली फ्लाय गेली नाही, तर उत्तम फेकीचाही उपयोग होत नाही.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे एकाच नांगरावर होडी उभी करणे. अशी होडी वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर डावीउजवीकडे झुलत राहते आणि लाइन, म्हणजे फ्लाय जोडलेली दोरी, कधी ताणली जाते, कधी ढिली पडते. ढिल्या लाइनवर ट्राउटने फ्लाय तोंडात घेऊन बाहेर टाकली तरी हाताला काहीच कळत नाही. फेक केल्यावर लाइनकडे क्षणभर नीट पाहावे: होडी स्थिर असेल तर ती रॉडच्या टोकापासून सरळ जाते, होडी झुलत असेल तर तिला कमानीसारखा बाक येतो. बाक दिसला की आधी होडी स्थिर करावी. त्यासाठी पुढच्या टोकाचा नांगर वारा येतो त्या बाजूला सोडावा, वाऱ्याने होडी मागे सरकू द्यावी, मग मागचा नांगर सोडून दोन्ही दोर ताणून बांधावेत. दोर पाण्याच्या खोलीच्या किमान तिप्पट तरी सोडावा, कारण आखूड दोर नांगराला वर उचलतो आणि तो तळाला धरत नाही. नांगर धप्पकन टाकू नये, हाताने हळूहळू सोडावा. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि धातूच्या होडीत पडलेली डबीसुद्धा उथळ पाण्यातील मासे पांगवू शकते.

नांगर न टाकता वाऱ्याबरोबर वाहत जाताना चूक वेगळी होते. होडी फ्लायच्या दिशेने सरकत असते, त्यामुळे लाइन होडीच्या वेगापेक्षा हळू ओढली तर फ्लाय जागच्या जागी बुडत राहते आणि लाइन ढिली पडते. वारा थोडा जरी वाढला तरी वाऱ्याकडील बाजूला पाण्यात पॅराशूटसारखा पसरणारा ड्रोग बांधून वेग कमी करावा. तेवढ्याने ओढीवर पुन्हा ताबा येतो.

आता खोलीचा प्रश्न, आणि माझ्या मते निम्मे अपयश येथेच आहे. बुडणाऱ्या लाइनच्या वेष्टनावर ती सेकंदाला किती इंच बुडते हे दिलेले असते, पण त्यावरून हिशोब करणारे थोडेच. सेकंदाला सुमारे 3 इंच बुडणारी लाइन 10 फुटांवर पोहोचायला 40 सेकंद घेते. हाती रॉड धरून स्वस्थ बसल्यावर हे 40 सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून अनेक जण 10 मोजून ओढायला लागतात, म्हणजे फ्लाय जेमतेम अडीच फुटांवर असते, आणि दिवसभर ते एकाच रिकाम्या थरात फ्लाय फिरवत राहतात. पहिल्या फेकीला 10, दुसऱ्या फेकीला 20, मग 30 असे मोजत खाली जावे; तळाचे गवत लागले की 5 सेकंद कमी करावेत; मासा लागला तो आकडा लक्षात ठेवून पुढच्या फेकींना तेवढेच मोजावे.

कोणत्या थरापासून सुरुवात करायची, हे दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर सांगतो. ट्राउटला साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो खाली जातो, पण अगदी तळाशी प्राणवायू कमी पडू शकतो, म्हणून ‘जितके खोल तितके चांगले’ हा समजही चुकीचाच. पहाटे आणि संध्याकाळी मात्र, जेथे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचून गवत वाढते त्या उथळ काठावर आणि तेथून खोलीकडे उतरणाऱ्या कडेवर ट्राउट चरायला येतो. तेथे त्याचे मुख्य खाद्य बरेचदा काइरोनोमिड या डासासारख्या, पण न चावणाऱ्या कीटकांचे कोष असतात, जे अत्यंत संथपणे वर चढतात. त्यांची नक्कल करणारी फ्लाय भराभर ओढणे म्हणजे माशाला ती खोटी असल्याचे सांगणेच.

ओढताना रॉडचे टोक पाण्याला जवळजवळ टेकलेले असावे, आणि मासा लागल्याचे जाणवताच रॉड झटक्याने उचलण्याऐवजी लाइनच हाताने ओढून गळ रुतवावा. ओढ संपत आली की फ्लाय लगेच उपसू नये. ट्राउट बरेच अंतर मागोमाग येऊन होडीजवळ घुटमळतो. फ्लाय पृष्ठभागाखाली काही सेकंद थांबवली तर याच क्षणी तो ती घेतो. पायाशी जमा होणारी मोकळी लाइन बूट, कड्या आणि वल्ह्यांत अडकते, म्हणून होडीच्या तळाशी ओला टॉवेल अंथरावा.

पृष्ठभागाजवळचे पाणी 20 अंशांच्या वर गेले असेल तर ट्राउट पकडून सोडला तरी तो जगेलच असे नाही. त्या दिवशी रॉड बाजूला ठेवावा.

दोघे होडीत असताना एकाची मागची फेक (पुढे टाकण्याआधी लाइन मागे झटकणे) दुसऱ्याच्या डोक्यावरून जाऊ देऊ नये. दोघांनीही चष्मा व लाइफ जॅकेट घालावे. मेघगर्जना ऐकू येताच काठ गाठावा, कारण कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. डोंगरात दुपारनंतर वारा अचानक वाढतो, अशा वेळी मागचा नांगर आधी उचलावा आणि पुढचा नंतर. घाईत पुढचा नांगर आधी निघाला तर होडीची बुटकी मागची बाजू लाटांकडे वळते आणि पाणी सरळ आत येते.