पहिला टॅटू काढून घेताना
टॅटूची सुई कातडीत साधारण १ ते २ मिलिमीटर आत जाते, म्हणजे थोडं तरी रक्त येतंच. म्हणून डिझाइनच्या आधी सुई बघा. सीलबंद पाकीट तुमच्यासमोरच फोडायला सांगा, त्यावरची मुदत वाचा. शाई छोट्या टोपणांत काढून घेतलेली हवी, उरलेली फेकून द्यायची. शाई पातळ करायला नळाचं पाणी घेत असतील तर सरळ उठून या: त्यातले जंतू कातडीखाली जातात आणि काही आठवड्यांनीही पुरळ, गाठी उठू शकतात. टॅटू काढणाऱ्याने हातमोजे घालून मोबाइल उचलला? मोजे बदलायला सांगा, अजिबात संकोच नको.

पोटभर जेवून जा, रिकाम्या पोटी चक्कर येते. आदल्या दिवशी दारू नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल किंवा जखमेचे व्रण फुगत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरी दिवसातून दोनदा कोमट पाणी आणि बिनवासाच्या साबणाने धुवा, टिपून कोरडं करा. मलम अगदी पातळ लावा. जाड थराखाली खपली भिजून सुटते आणि तिथला रंग जातो. खाज सुटेल, पण खपली ओढू नका. ३ आठवडे पोहणं बंद. लाली पसरत चालली, पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.