गरम झाली की ट्रक उठत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

रावेरहून केळी भरून आमची जुनी गाडी भेरूघाट चढून इंदूरला आली, चोइथराम मंडईत रिकामी झाली आणि तिथंच अडून बसली. मे महिना, दुपारचे दोन. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) दोनदा 'घर्र घर्र' करून गप्प. संध्याकाळी सातला तीच गाडी पहिल्या किल्लीत चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी देवास नाक्यावर मिस्त्रीला दाखवली, तिथंही पहिल्याच किल्लीत. "भिया, गाडी तो चकाचक है," असं म्हणून तो चहा प्यायला निघून गेला.

तरी मी दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या. आठ दिवसांत खलघाटच्या ढाब्यावर पुन्हा तोच प्रकार. मग सेल्फ बांधून घेतला. शेवटी सापडलं ते इतकं किरकोळ निघालं की घरी सांगायची लाज वाटली: इंजिनाकडून चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाणारी अर्थची (वीज बॅटरीकडे परत नेणारी) पट्टी. बोल्टखाली गंज आणि वरून कुणीतरी मारलेला रंग.

माझी पहिली चूक बॅटरीची नव्हतीच. गाडी थंड असताना दाखवायला नेली, ती होती. जो आजार गरम झाल्यावर होतो तो सकाळी आठला कुणालाच दिसणार नाही. पीथमपूरपर्यंत भरलेली गाडी एक चक्कर मारून आणा, बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटांनी मिस्त्रीसमोर सेल्फ मारा. बंद करताक्षणी नाही. पाणी आणि पंखा थांबले की इंजिनाची धग आजूबाजूच्या सामानात मुरते, म्हणून सेल्फ आणि इंजिनाला डिझेल देणारा पंप गाडी बंद झाल्यावर काही मिनिटांनी जास्तच तापतात. ढाब्यावर जेवून उठल्यावर गाडी का रुसते, ते यातच आलं.

आधी कान, मग पाना

गरम असताना सेल्फ मारला की इंजिन हळू, ओढल्यासारखं फिरतं, की नेहमीसारखं झपझप फिरतं पण पेट घेत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची गॅरेजही वेगळी. पहिल्यासाठी इलेक्ट्रिशियन, दुसऱ्यासाठी डिझेलवाला. नाक्यावर आपण नुसतं "गरम में नहीं उठाती" म्हणतो आणि ज्याच्या दुकानासमोर गाडी उभी असेल त्याच्या धंद्यातलं सामान बदललं जातं. घरी मराठीत बोललो असतो तरी मी एवढंच म्हणालो असतो, म्हणून दोष भाषेचा नाही.

हळू फिरत असेल तर

तांब्याचा विद्युत रोध दर 10 अंशांना साधारण 4 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे 30 अंशांचा सेल्फ 90 वर गेला की त्याच्या गुंडाळीचा रोध जवळपास चोवीस टक्क्यांनी वाढलेला असतो. वायरिंग निरोगी असेल तर हे खपून जातं. माझ्या गाडीत थंड सेल्फ आणि गंजलेली अर्थ दोघं मिळून कसंबसं निभावत होते, गरम झाल्यावर ते जमेना.

म्हणून व्होल्टमीटर लावल्याशिवाय बॅटरी विकत घेऊ नका. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढून धरायला सांगा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसतं फिरेल. 24 व्होल्टच्या गाडीत पूर्ण भरलेल्या दोन बॅटऱ्या मिळून 25 च्या थोडं वर दाखवतात, आणि सेल्फ फिरत असताना आकडा 19 च्या खाली जायला नको. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच) आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून पुन्हा सेल्फ मारा. इथं अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थ खराब. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत हीच तपासणी. माझ्या गाडीत अर्थच्या बाजूला दोन व्होल्टच्या वर पडत होते. पट्टी काढून चेसिस घासून चकचकीत केली, नवी पट्टी बसवली. दोन नव्या बॅटऱ्यांच्या मानानं खर्च काहीच नाही.

दोन्ही बाजू चांगल्या असतील तर सेल्फ काढा. बुश (दांड्याला आधार देणारी कडी) झिजले असतील तर आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, तापल्यावर भोवतीच्या स्थिर पोलना घासतं. घासल्याची चमकदार खूण उघडताच दिसते. आणि इंजिन स्वतःच पाणी कमी पडून तापलेलं असेल तर तेही जड फिरतं, तेव्हा आधी तापमानाचा काटा बघा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

झपझप फिरतं, पण पेटत नाही

इथं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. सायलेन्सरकडे माणूस उभा करा. सेल्फ फिरताना पांढुरका धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण नीट जळत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. या एका खुणेनं निम्मा रस्ता ठरतो.

धूर नसेल तर पंपाला हात लावण्याआधी स्टॉपची तार पूर्ण माघारी जाते का ते बघा. मॅनिफोल्डजवळून (इंजिनातून धूर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांजवळून) गेलेल्या तारेचं कवच वितळून ती अडकते. ज्या गाडीत किल्लीनं डिझेल तोडणारा सॉलिनॉइड (विजेचा खटका) आहे तिथं तो गरम झाल्यावर मान टाकू शकतो. किल्ली चालू करताना 'टक' आवाज येतो का ऐका. मग हात-पंप दहा-पंधरा वेळा मारून सेल्फ द्या. एवढ्यानं उठली तर दोष टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपात, फिल्टरमध्ये किंवा कुठल्या तरी वॉशरमधून हवा घेण्यात आहे. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती घातली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

एवढं सगळं ठीक असेल तर मुख्य पंपावर संशय घ्या. पंपातल्या प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. ती झिजून वाढली, त्यात गरम डिझेल पातळ झालं, की सेल्फच्या मंद वेगात डिझेल पुढे जाण्याऐवजी बाजूनं निसटतं. चालू इंजिनात वेग जास्त असतो, निसटायला वेळ कमी मिळतो, म्हणून रस्त्यावर गाडी नीट पळते आणि मालक म्हणतो, पंप तर चांगला आहे. परीक्षा सोपी आहे: गार पाण्यात पिळलेलं फडकं पंपावर पाच-सात मिनिटं ठेवा, मधे दोनदा बदला. मग लगेच उठली तर पंप दमला आहे. पंपावर बादलीभर पाणी ओतणारे बघितलेत. बाहेरचं अंग झटकन आकसून आतलं अडकलं तर मग तो पंप कायमचाच गेला.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) गेलं, इंजिन बांधायला काढा, असं कुणी सांगितलं तर विचारा, सकाळी मग कशी उठते? कॉम्प्रेशन कमी असलेली गाडी जास्त करून थंडीत त्रास देते. अपवाद व्हॉल्व्हचा: टॅपेट फार घट्ट (व्हॉल्व्हपाशी पुरेशी फट न ठेवता) बसवले असतील तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत. ते गेज लावून तपासता येतं, इंजिन उतरवावं लागत नाही. 'व्हेपर लॉक'चं, म्हणजे नळीत इंधन उकळून वाफ अडकण्याचं, नावही काहीजण घेतात. तो जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांचा आजार, डिझेलला उकळायला त्याहून खूप जास्त उष्णता लागते.

हे तर करूच नका

एअर फिल्टरमध्ये पेट्रोलचं फडकं किंवा स्टार्टिंग स्प्रे. गरम इंजिनात तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन, रिंगा, कधी हातही जातो.

सेल्फ मिनिटभर दाबून धरणं. दहा-पंधरा सेकंद, मग निदान मिनिटभर दम द्यायचा.

उतारावर न्यूट्रलमध्ये सोडून उठवणं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. ब्रेक मारत राहिलं की टाकीतली हवा संपत जाते आणि ब्रेक लागत नाही. मानपूरच्या घाटात हा प्रयोग कुणी करू नये.

आणि पंपाचं सील तोडून "थोडा डिझेल बढा देता हूँ" म्हणणाऱ्याला अडवा. गाडी काही दिवस उठेल, काळा धूर सोडेल आणि खरा दोष तसाच राहील.

पंप तपासणीच्या बेंचवर गेलाच तर स्टार्टिंगच्या वेगाला किती डिझेल येतं तो आकडा दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही बिलावर लिहून घ्या. बेंचवरचं तेल 40 अंशांच्या आसपास ठेवतात, मेच्या दुपारी तुमच्या पंपातलं त्याहून बरंच गरम असतं. म्हणून बेंचवर जेमतेम पास झालेला पंप मी घेत नाही. बदललेले जुने एलिमेंटही (प्लंजर-बॅरलच्या जोड्या) मागून घ्यायचे. प्लंजरवरचे झिजलेले पट्टे उन्हात धरले की साध्या डोळ्यांना दिसतात.