‘सुपरमॅन रिटर्न्स’ खेळायचाच असेल तर

२००६चा हा गेम एक्सबॉक्स ३६०वर लावणार असाल, तर आधी हे ध्यानात घ्या: सुपरमॅनला काही होत नाही, मरतं ते त्याचं शहर, मेट्रोपोलिस. पडद्यावरची पट्टी शहराच्या जिवाची. म्हणून शत्रूला बुकलत बसू नका. आग दिसली की आधी फुंकर मारून ती विझवा. डोळ्यांतले किरण गर्दीत जपूनच, शहराचं नुकसान आपल्यालाच भोवतं.

तेच ते शत्रू मारून कंटाळा येणारच. तेव्हा मी सरळ ढगांत जातो, वेग वाढवतो. उडण्याची मजा मात्र खरी! मग खाली उतरून हरवलेली मांजराची पिल्लं शोधायची, चांगली १०० आहेत.

शेवटी सुपरमॅनचा कट्टर शत्रू लेक्स लूथर याला बडवायची आशा धरू नका. शेवटची लढत चक्रीवादळाशी. हो, वाऱ्याशी!