कुंपणावरची द्राक्षवेल शेवटी लागली

आमच्या फोंड्याच्या घरामागच्या तारेच्या कुंपणावर बंगलोर ब्ल्यू द्राक्षाची ६ वर्षांची वेल आहे, पाला असा गच्च की पलीकडचं दिसायचं नाही पण घड म्हणाल तर दोन-तीन, आणि पावसात पानांवर केवडा हा बुरशीचा रोग पडून सगळी गळायची. चूक माझीच, शेणखत आणि युरिया घालत राहिले, छाटायला हात धजावत नव्हता.

मग एप्रिलमध्ये खरड छाटणी केली, म्हणजे जुनं काढून नवीन काड्या आणायची छाटणी. खोडापासून डावी-उजवीकडे एकेक ओलांडा, म्हणजे आडवी मुख्य फांदी, ठेवला, खालच्या तारेला सुंभाने सैल बांधला, बाकी जुना पसारा सगळा काढला. कापलेल्या टोकातून टपटप पाणी गळायला लागलं, बघून जीव कासावीस झाला, पण ते आपोआप थांबतं. नवीन काड्या वितीभर अंतरावर एकेक ठेवल्या, वरच्या तारेला सरळ बांधल्या, मधून वारा जायला हवा कारण आपल्याकडचा दमटपणा हाच खरा शत्रू. पावसात उघडीप मिळाली की १ टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मारलं, म्हणजे १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि तेवढाच कळीचा चुना.

ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर त्याच काड्या ३-४ डोळे (फुटवा येतो त्या गाठी) ठेवून कापल्या, ही फळछाटणी. युरिया बंद. बुंध्यापासून हातभर लांब आळं करून कंपोस्ट आणि पालाशसाठी थोडं सल्फेट ऑफ पोटॅश दिलं.

पंधरा दिवसांत डोळे फुटले आणि कोवळ्या पानांआड मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचे घोस दिसले, मी सासूबाईंना हाक मारूनच दाखवले. मार्चमध्ये २३ घड उतरवले!