एआयकडे पेपर सोपवण्याआधी

मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि तो टाळण्यासाठी घ्यायच्या डॉक्सिसायक्लिन या औषधाची चर्चा दर पावसाळ्यात नव्याने सुरू होते. या विषयावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे सगळे पेपर ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासणारा आढावा, एआयच्या मदतीने करायचा तर आधी प्रश्न पक्का करा: कोणती माणसं, किती डोस, तुलना कशाशी, मोजायचं काय. प्रोटोकॉल प्रॉस्पेरोवर, म्हणजे अशा आढाव्यांच्या नोंदवहीत, आधीच नोंदवा. एआय कुठल्या टप्प्यावर वापरणार, तेही त्यात लिहा.

शोध पबमेड आणि एम्बेस या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसवर स्वतःच चालवा. चॅटबॉटकडे संदर्भ मागितले तर खऱ्या जर्नलच्या नावावर नसलेला पेपर तो बिनदिक्कत खपवतो. शोधशब्दांत मुंबईबरोबर 'बॉम्बे'ही टाका, जुने पेपर त्याच नावाने आहेत. सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत न छापलेल्या चाचण्या सापडतात. मग डुप्लिकेट काढा.

खरी मेहनत पुढे, गोषवारे वाचून पेपर निवडण्यात आहे. एआयने नको तो पेपर आत घेतला तर वाचताना कळतं. हवा तो बाहेर टाकला तर कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून 200 गोषवारे आधी दोघांनी एकमेकांना न विचारता तपासावेत, वाद तिसऱ्याने मिटवावा, मगच ते एआयला द्यावेत. घेण्याजोगे दोन-तीनच निघाले तर आधीपासून माहीत असलेले मुद्दाम मिसळा. एक जरी सुटला, तरी एआयला दिलेल्या सूचना सुधारून नव्या गोषवाऱ्यांवर तपासा. त्याच 200 वर पुन्हा परीक्षा म्हणजे फुटलेली प्रश्नपत्रिका.

आकड्यांच्या तक्त्यात 'आजार' आणि 'संसर्ग' हे रकाने वेगळे ठेवा. अंदमानातल्या, 2000 साली छापलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या चाचणीत संसर्गात लक्षणीय फरक नव्हता, पण लक्षणांसह आजार औषध न मिळालेल्यांत 6.82 टक्के, तर मिळालेल्यांत 3.11 टक्के होता. एकच रकाना दिलात तर एआय 'औषध निरुपयोगी' लिहून मोकळं होतं. प्रत्येक आकड्यासोबत पान क्रमांक आणि मूळ वाक्य मागा, आणि ते पीडीएफ उघडून ताडून पाहा. पेपर मागे घेतला गेलाय का, हे मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचवर बघा.

ग्रेडचा, म्हणजे पुरावा किती भरवशाचा हे ठरवण्याच्या पद्धतीचा, निवाडा मात्र माणसांनीच करायचा. पनामातल्या चाचणीत अमेरिकी सैनिकांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिलं जात होतं. पाण्यातून एकदा चालून आलेल्या परळकराला तो पुरावा कितपत लागू, हे एआयला विचारून ठरत नाही.

मॉडेलची आवृत्ती, तारीख आणि दिलेल्या सूचना जशाच्या तशा जपा. प्रिझ्मा 2020 या आढावा मांडायच्या नियमावलीतल्या, किती पेपर आले नि गळले हे दाखवणाऱ्या आकृतीत स्वयंचलित साधनांनी वगळलेल्या नोंदींसाठी वेगळी ओळ आहे, ती भरा.