कल्पित भाषेत नामांचे वर्ग आणि विभक्ती कशा रचाव्यात

नवी भाषा रचू पाहणारी व्यक्ती बहुधा तक्त्यापासून सुरुवात करते: तीन लिंगे, दोन वचने, आठ विभक्ती आणि प्रत्येक चौकटीत एक प्रत्यय. मात्र लिंग नामापेक्षा वाक्यातील इतर शब्दांत अधिक दिसते. ‘भिंत’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे हे ‘मोठी भिंत पडली’ या वाक्यातील ‘मोठी’ आणि ‘पडली’ यांवरून कळते. म्हणून नामाच्या वर्गानुसार विशेषण, क्रियापद आणि सर्वनाम यांपैकी नेमके काय बदलणार, हे सर्वप्रथम ठरवावे. काहीच बदलायचे नसेल तर लिंगव्यवस्था टाळलेली बरी. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या एस्पेरांतो या रचलेल्या भाषेत व्याकरणिक लिंग नाही आणि त्यामुळे तिचे काही अडत नाही.

त्यानंतर वर्ग कशावर आधारायचे ते पाहावे. स्त्री-पुरुष हा भेद अनेक शक्यतांपैकी केवळ एक आहे. मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेत बोलू शकणारे जीव, शरीराचे अवयव आणि इतर वस्तू यांचे अनेकवचनी प्रत्यय वेगळे आहेत. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत वर्ग उपसर्गांनी दिसतो: ‘किताबु किकुब्वा’ म्हणजे मोठे पुस्तक, तर ‘विताबु विकुब्वा’ म्हणजे मोठी पुस्तके. मूळ अरबी शब्दातील ‘कि’ला स्वाहिलीने आपला उपसर्ग मानले, तेव्हा बाहेरून आलेला शब्द कोणत्या वर्गात जाईल याचाही नियम आपल्याकडे हवा. ऑस्ट्रेलियातील जिरबाल भाषेत पक्षी स्त्रियांच्या वर्गात येतात, कारण ते मृत स्त्रियांचे आत्मे मानले जातात. अपवाद भाषा बोलणाऱ्यांच्या अशा समजुतींतून यावेत, मनमानीने पेरू नयेत.

उदाहरणार्थ, चेतन, वाहता आणि स्थिर असे तीन वर्ग घेऊ, आणि त्यांची सर्वनामे अनुक्रमे ‘ना’, ‘सा’ व ‘को’ अशी ठेवू. हीच सर्वनामे झिजून विशेषणाला चिकटली असे मानले, तर ‘लेन’ म्हणजे मोठे या शब्दापासून ‘नेमा सालेन’ (मोठी नदी) आणि ‘तोरू कोलेन’ (मोठा दगड) ही रूपे मिळतात. हातोहात फिरणारा पैसा अर्थातच वाहत्या वर्गात जाईल. आणि कोणी ‘नेमा कोलेन’ म्हटले तर? नाम तेच, पण वर्ग स्थिर झाल्यामुळे अर्थ होतो गोठलेली मोठी नदी. मला या कामातील सर्वांत आनंदाची जागा हीच वाटते, कारण येथे व्याकरण स्वतःच अर्थ निर्माण करू लागते.

विभक्तींची संख्या ठरवण्याआधी कर्ता आणि कर्म ऐकणाऱ्याला वेगळे कसे कळतील ते ठरवावे. या बाबतीत मराठीच उत्तम शिक्षक आहे. ‘त्याने आंबा खाल्ला’ म्हणताना ‘ने’ लागतो, पण ‘मी आंबा खाल्ला’ म्हणताना लागत नाही. ‘मुलाने घर पाहिले’ चालते, पण ‘मुलाने आईला पाहिले’ असेच म्हणावे लागते. दगड माणसाला पाहणार नसल्यामुळे अचेतन कर्मावर खुणेची गरज सहसा पडत नाही. आपल्या भाषेतही कर्माचा प्रत्यय केवळ चेतन वर्गाला द्यावा, म्हणजे वर्ग आणि विभक्ती परस्परांशी जोडल्या जातील.

प्रत्ययांना इतिहास द्यावा. ‘पिला’ म्हणजे पोट असे मानले, तर ‘नदीच्या पोटात’ या अर्थाच्या प्रयोगातून झिजून ‘पि’ हा प्रत्यय उरेल. तो नामाला थेट जोडू नये. ‘लाडू’चे ‘लाडवा’ होऊन मग ‘लाडवात’ होते, त्याप्रमाणे सामान्यरूप ठेवावे: नेमा, नेमे-, नेमेपि. तोरू, तोरवा-, तोरवापि. प्रत्येक चौकटीत वेगळे रूप असण्याचा आग्रहही सोडावा. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींना ‘ला’ लागतो, आणि संस्कृतात ‘फलम्’ हे प्रथमेचेही रूप आहे व द्वितीयेचेही.

शेवटी या भाषेत दहा-बारा वाक्यांचा सलग उतारा लिहावा आणि दुसऱ्या वाक्यापासून शक्य तेथे नामे गाळून केवळ सर्वनामे व विशेषणे ठेवावीत. कोण कोणाविषयी बोलत आहे हे तरीही कळत असेल, तर वर्ग आपले काम करत आहेत. ज्या ठिकाणी कळत नाही, तेथील दोन नामे बहुधा एकाच वर्गात पडलेली असतात, आणि त्यांपैकी एक हलवून पाहावे.